गिऱ्हाईक नसलेल्या दिवशी

शहाड आणि आंबिवली यांच्या मध्ये कसारा लोकल उल्हास नदी ओलांडते. राजमाचीच्या दरीत उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर करत आलेली ही नदी पुढे काळू नदीचं पाणी पोटात घेते. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली तिची खाडी होते. मग डोंबिवली, काल्हेर, घोडबंदर अशी वाट धरून वसईच्या किल्ल्याच्या दक्षिणेला ती अरबी समुद्राला मिळते. त्या मुखाच्या उत्तरेला वसई-विरारचा किनारा आहे : भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर, अर्नाळा. मुंबई-ठाण्याकडचे जे तरुण सर्फिंग शिकायला निघतात, त्यांतले बरेचजण राजोडीच्या वाळूवरूनच पहिल्यांदा पाण्यात शिरतात. आमच्या शहाडवरून गेलेलं पाणी ज्या समुद्रात मिसळतं, त्याच समुद्राच्या लाटेवर ते उभं राहायला शिकतात.

शहाडला राहणाऱ्या माणसाने सर्फिंगवर लिहावं याचं पहिलं कारण हे पाणी. दुसरं कारण एक प्रश्न आहे, आणि तो मला बराच काळ सतावतो आहे. महाराष्ट्राला पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत किनारा आहे. त्याची लांबी पिढ्यान् पिढ्या शाळेत ७२० किलोमीटर अशी शिकवली गेली. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी अशा दर्यावर जगणाऱ्या समाजांची इथे शेकडो वर्षांची वस्ती आहे. तरीही सर्फिंगचं म्हणून देशात ओळखलं जाणारं एकही गाव आपल्याकडे नाही. तमिळनाडूत कोवलम आणि महाबलीपुरम आहे, कर्नाटकात मुल्की आहे, केरळात आणखी एक कोवलम आहे. आपल्याकडे शिकवण्या आहेत, शनिवार-रविवारच्या तुकड्या आहेत, गोव्यात मांद्रे-आश्वेच्या पट्ट्यात तर मोसमात बोर्डांच्या रांगा लागतात. पण शिकवणी असणं वेगळं आणि गावात ती गोष्ट मुरलेली असणं वेगळं.

हा फरक ओळखायला मी एक कसोटी धरून चाललो आहे. आठवड्याच्या मधल्या एखाद्या सकाळी, शहरातून कुणी आलेलं नसताना, एक पैसाही मिळणार नसताना, पाण्यात कोण आहे? गावातली पोरं असतील तर तिथे काहीतरी रुजलं आहे. किनारा रिकामा असेल आणि बोर्ड खोपीत उभे करून ठेवलेले असतील, तर तिथे धंदा आहे. त्यात वाईट काही नाही, चार घरं चालतात. पण तो धंदा हंगामाबरोबर येतो आणि हंगामाबरोबर जातो.

आधी समुद्राची बाजू मांडायला हवी, कारण आपल्याकडे लाटाच नाहीत हे उत्तर लगेच मिळतं आणि ते निम्मं खरं आहे. सर्फिंगला लागणारी लाट किनाऱ्यावर तयार होत नाही. हजारो किलोमीटरवर, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडच्या वादळांत ती जन्मते आणि खोल पाण्यातून फारशी न थकता प्रवास करत येते. तिची शक्ती खर्ची पडते ती उथळ पाण्यात, तळाशी घासून. मुंबईसमोर भारताची समुद्रबुड जमीन फार रुंद आहे, जवळजवळ तीनशे किलोमीटर. दक्षिणेकडे, केरळच्या बाजूला, ती बरीच अरुंद होत जाते. त्यामुळे दूरवरून आलेली लाट वसई-पालघरला पोचेपर्यंत बरीच थकलेली असते आणि खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे तिच्यात थोडं अधिक बळ उरतं.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. चेन्नईकडे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर असतो. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवसांत तो चार मीटरच्या वर जातो. राजोडीसारख्या सपाट किनाऱ्यावर पाणी इतकं मागे-पुढे होतं, की सकाळी जिथे लाट नीट फुटत होती तिथे दुपारी ओली वाळू असते. खेळण्याजोगी वेळ तास-दोन तासांची. ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि उधाण आहे की भांगाची लहान भरती, यावरही बदलते. रविवारी सकाळी आठला या, असं वेळापत्रक या समुद्रावर चालत नाही. ज्याचं घर किनाऱ्यावर आहे आणि ज्याला तिथी बघून पाण्याचा अंदाज येतो, त्यालाच हा समुद्र पूर्ण वापरता येतो. म्हणजे आपल्या किनाऱ्याची रचनाच अशी, की इथे बाहेरच्यापेक्षा गावातल्या पोराला सर्फिंग जास्त जमायला हवं.

तिसरी गोष्ट ऋतूची. मोठ्या लाटा पावसाळ्यात येतात, तेव्हा समुद्र खवळलेला असतो, पाणी गढूळ असतं आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. शिकणाऱ्याने तेव्हा पाण्याकडे फिरकूही नये. दसरा-दिवाळीनंतर दर्या निवतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि समोरून येणाऱ्या लाटेला उचलून धरतो, तिचं तोंड स्वच्छ ठेवतो. दुपारी खारा वारा आला की सगळं पाणी विस्कटतं. दिवाळी ते होळी, पहाटेची वेळ, कंबरेएवढ्या लाटा. एवढं भांडवल आहे. जगातल्या मोठ्या लाटांपुढे ते किरकोळ वाटेल, पण मुलं शिकायला याहून जास्त काही लागत नाही.

म्हणून मी लाटांपाशी थांबत नाही. लाटा नसतानाही सर्फिंग रुजलं अशी उदाहरणं आहेत आणि त्यांतलं सर्वांत ठळक उदाहरण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. जर्मनीतल्या म्युनिक शहरात इंग्लिश गार्डन नावाच्या बागेच्या कडेला आइसबाख हा पाण्याचा कालवा एका पुलाखालून जोरात बाहेर पडतो आणि तिथे एक जागची न हलणारी लाट उठते. १९७० च्या दशकापासून तिथली पोरं त्या लाटेवर बोर्ड घेऊन उतरत आली. कित्येक वर्षं ते कायद्याने मना होतं. २०१० मध्ये परवानगी मिळाली. काठावर रांग लागते, एकजण उतरतो, पडतो, दुसरा उतरतो. हिवाळ्यात बर्फ पडत असतानाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथे एका तरुणीचा अपघात झाला, पुढे ती दगावली. लाट बंद झाली आणि उन्हाळ्यात नव्या नियमांसह पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी शरदात पात्राच्या साफसफाईनंतर लाट उठेनाशी झाली, तेव्हा ती परत कशी आणायची हा शहराच्या कारभाराचा विषय झाला. एका शहराने मीटरभर उंचीच्या पाण्यावर असा हक्क सांगितला होता. मी राहतो त्या गावातून कितीतरी मोठी नदी वाहते.

आता आपल्या देशातल्या दोन कोवलमांकडे येतो. नावं सारखी असल्याने लोक गल्लत करतात, म्हणून सांगतो : एक चेन्नईच्या दक्षिणेला, दुसरं केरळात तिरुवनंतपुरमजवळ. चेन्नईकडच्या कोवलमचं नाव निघालं की मूर्ती मेगवन यांचं नाव निघतंच. हा माणूस मच्छीमाराच्या घरातला, लाकडाच्या तुकड्यावर लाटा अंगावर घेत वाढलेला. पुढे खरा बोर्ड हाताला लागला, तेव्हा जे आधीच अंगात होतं त्याला फक्त साधन मिळालं. चेन्नईचे उद्योजक अरुण वासू यांच्या पाठबळावर २०१२ च्या सुमारास तिथे शाळा उभी राहिली. गावातल्या मुलांना शिक्षण फुकट, अट एवढीच की दारू-सिगारेटला शिवायचं नाही. बाहेरच्यांच्या शिकवणीतून आलेल्या पैशावर ही मुलं शिकली आणि पुढे स्वतः शिकवू लागली. २०१३ पासून तिथे सर्फिंगचा उत्सव भरू लागला. २०२१ मध्ये त्या किनाऱ्याला स्वच्छतेचं ब्लू फ्लॅग प्रमाणपत्र मिळालं.

केरळातल्या कोवलमची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. २००५ मध्ये येले रिगोले या बेल्जियन तरुणाने तिथे एका सामाजिक संस्थेच्या आधाराने सर्फ क्लब सुरू केला. किनाऱ्यावर वस्तू विकणारी, शाळा सोडलेली मुलं हे त्याचं लक्ष्य होतं. नियम सोपा : शाळेत गेलास तर बोर्ड मिळेल, नाही गेलास तर नाही. त्या मुलांत कर्नाटकातून पोटासाठी आलेल्या कुटुंबातला रमेश बुदिहाळ होता. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. २०२६ च्या आइची-नागोया आशियाई खेळांत सर्फिंग पहिल्यांदाच आलं, त्यामुळे आता वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवरही या मुलांची नावं दिसतात. पण मला पदकापेक्षा तो नियम महत्त्वाचा वाटतो. बोर्ड ही महाग वस्तू आहे. ती कुणाच्या हातात, कुठल्या अटीवर जाते, यावर गावाचं पुढचं सगळं ठरतं. पैसे मोजणाऱ्याच्याच हातात गेली तर शिकवणी तयार होते. शाळेत जाणाऱ्या पोराच्या हातात गेली तर दहा-पंधरा वर्षांनी गावाकडे स्वतःचे सर्फर असतात.

मुल्कीचा मंत्रा सर्फ क्लबही २००४ च्या सुमाराला एका आश्रमातून, अमेरिकेत जन्मलेल्या जॅक हेब्नर यांच्या पुढाकाराने सुरू झाला. म्हणजे तीनपैकी दोन ठिकाणी सुरुवात परदेशी माणसाने केली आणि तिसऱ्या ठिकाणी शहरातल्या उद्योजकाचा पैसा लागला. हे मान्य करायला हरकत नाही. बी बाहेरून येऊ शकतं. विचारायचं ते एवढंच, की वीस वर्षांनी किनाऱ्यावर सूचना कुणाच्या भाषेत दिल्या जातात आणि गल्ला कुणाच्या घरी जातो.

या खेळाच्या मूळ भूमीतही हाच झगडा झाला होता. हवाईत राजापासून प्रजेपर्यंत सगळे लाटेवर स्वार होत. १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांना ते आवडलं नाही. रोगराईने लोकसंख्या ढासळली आणि शतकाच्या अखेरीला हा खेळ विझत आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वायकिकीला तो पुन्हा पेटला. १९०८ मध्ये तिथे आउटरिगर कनू क्लब निघाला, तो प्रामुख्याने गोऱ्यांचा होता. १९११ मध्ये हवाईयन पोरांनी हुई नालू हा आपला वेगळा क्लब काढला. त्यातलाच ड्यूक कहानामोकू ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकून १९१४-१५ च्या उन्हाळ्यात सिडनीला गेला आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर त्याने तिथेच बनवलेल्या लाकडी बोर्डवर लोकांना लाट चढून दाखवली. ऑस्ट्रेलियात ती ठिणगी पडली, कारण खाली इंधन तयार होतं : तिथे काही वर्षांपासूनच गावोगावचे जीवरक्षक क्लब उभे राहिले होते. बुडणाऱ्याला बाहेर काढणारी गावातलीच, पगार न घेणारी पोरं. ज्याला लोकांना वाचवता येतं त्याचा शब्द किनाऱ्यावर चालतो.

आणि इथे आपल्या कोकणाकडे बघितलं की मला हळहळ वाटते, कारण आपल्याकडे हे इंधन त्यांच्यापेक्षा कितीतरी जुनं आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात रापण नावाची मासेमारी चालते. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकायचं आणि दोन्ही टोकं धरून अख्ख्या वाडीने किनाऱ्यावरून ओढायचं. जो दोरीला हात लावेल त्याला वाटा. म्हाताऱ्यांना, विधवांनाही वाटा. एक किनारा, एक जाळं आणि सगळ्यांचा हक्क. यांत्रिक बोटींनी आणि पर्ससीनच्या जाळ्यांनी रापणीचं कंबरडं मोडलं, पण सामुदायिक मालकीची ही कल्पना त्या गावांतल्या लोकांच्या हाडात आहे. सर्फिंगच्या गावाला नेमकी तीच लागते. बोर्ड कुणा एकाचे नसून वाडीचे, आलेल्या पाहुण्यांच्या पैशातून वाटे, आणि त्यातला एक वाटा नव्या पोरांच्या बोर्डांसाठी. हे कोवलमला शोधून काढावं लागलं. मालवणला ते आजोबांना विचारलं तरी कळेल.

ज्ञानाचंही तसंच. होडी पाण्यात ढकलणारा कोळी लाटांकडे थोडा वेळ नुसता बघत उभा राहतो. मोठ्या लाटा एकामागोमाग काही येतात, मग थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत होडी लोटायची. पाणी कुठल्या जागेवरून परत आत ओढतं हे त्याला रंगावरून आणि फेसावरून समजतं. शहरातून आलेल्या शिकाऊ माणसाला या दोन गोष्टी समजायला कित्येक महिने लागतात आणि दर पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर बुडून मरणारी मुलं बहुतेक या दुसऱ्या गोष्टीच्या अज्ञानाने मरतात. कोळीवाड्यांतली लहान मुलं थर्माकोलच्या तुकड्यावर पोट टेकून लाटेबरोबर सुसाट किनाऱ्याला येतात. कुणी त्याला सर्फिंग म्हणत नाही, त्यांना त्याची गरजही नाही. तेच मूल पंधरा वर्षांचं झालं की पाण्यातून बाहेर येतं, कुठल्या तरी कंपनीच्या गेटवर किंवा रिक्षाच्या सीटवर दिसतं. कोवलमला हे मूल पाण्यात राहिलं, एवढाच फरक आहे.

आपल्याकडे ते का राहत नाही, याचं खरं उत्तर घरात आहे. दर्यावर पोट चालवणाऱ्या माणसाला दर्यात खेळणं मानवत नाही. ज्या पाण्याने घरातला माणूस नेला त्या पाण्यात पोराने मजेसाठी जावं, ही गोष्ट आईच्या गळी उतरणार नाही. नारळी पौर्णिमेला ज्याला नारळ वाहायचा, त्याच्या अंगावर फळी घेऊन नाचायचं कसं? ही भावना मला खरी आणि आदराची वाटते, ती अडाणीपणा म्हणून बाजूला सारणारे प्रशिक्षक मी ऐकले आहेत आणि मला ते पटत नाहीत. तिचा मान राखूनच वाट काढावी लागेल, आणि ती वाट कोळणीकडून जाते. होडीवर पुरुष असला तरी मासळी विकून पैसा हातात घेणारी, घराचा हिशोब बघणारी बहुधा बाईच असते. तिने होकार दिला तर मुलगाच काय, मुलगीही पाण्यात उतरेल.

मुलगी उतरली की गावात काय बदलतं, हे महाबलीपुरमच्या कमली मूर्तीवरून दिसतं. मासेमारी वस्तीतली ही मुलगी, आईने एकटीने वाढवलेली, लहानपणी स्केटबोर्डवर प्रसिद्ध झाली. तिच्यावर ‘कमली’ हा माहितीपट निघाला. पुढे ती देशातल्या आघाडीच्या सर्फरांत गणली जाऊ लागली. त्या माहितीपटाच्या केंद्रस्थानी तिच्याइतकीच तिची आई आहे. श्रीलंकेत अरुगम बेला जगभरातले सर्फर येतात, पण तिथल्या स्थानिक मुलींचा पहिला क्लब २०१८ मध्ये निघाला. तोवर पिढी-दोन पिढ्या त्या किनाऱ्यावर परदेशी बायका पाण्यात आणि गावातल्या बायका काठावर असं चित्र होतं. किनाऱ्यावर कितीही बोर्ड असोत, गावाचा अर्धा भाग काठावर उभा असेल तर तिथली संस्कृती अर्धीच.

महाराष्ट्रात समुद्राकडे खेळ म्हणून बघण्याची परंपराच नाही, असं मात्र नाही. मालवणला चिवला बीचवर दर वर्षी डिसेंबरच्या सुमारास सागरी जलतरणाच्या राज्यस्तरीय स्पर्धा होतात. राज्यभरातून आई-बाप पोरांना घेऊन येतात, सहा-सात वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत लोक उघड्या समुद्रात पोहतात, मच्छीमारांच्या होड्या त्यांच्या बाजूने राखण करत फिरतात. धरमतर ते गेट वे ऑफ इंडिया हे ३६ किलोमीटरचं अंतर पोहून जाण्याची तर मराठी घरांत जुनी ओढ आहे. तिकडे कोलाडला कुंडलिकेवर वीजनिर्मितीनंतर ठरावीक वेळी पाणी सुटतं आणि त्या दोन-चार तासांवर राफ्टिंगचा सगळा व्यवसाय उभा राहिला आहे. पाण्याची वेळ सांभाळून जगणं आपल्याला नवं नाही. चिवल्याला होड्या घेऊन राखणीला थांबणाऱ्या माणसांकडे बोर्ड गेले, तर मला वाटतं सुरुवात तिथूनच होईल. राजोडीपेक्षा आधी मालवणला.

राजोडीची अडचण अशी, की ते शहराच्या फार जवळ आहे. आमच्याकडून जायचं तर लोकलने कोपर, तिथे वरच्या फलाटावरून वसईची गाडी, पुढे पश्चिम रेल्वेने नालासोपारा आणि मग रिक्षा. सुट्टीच्या दिवशी इतक्या गर्दीने लोक येतात, की गावाला आपला किनारा आपला वाटायला उसंतच मिळत नाही. वाळूवर गाड्या येतात, प्लास्टिक येतं, रात्री बाटल्या फुटतात. अशा जागी गावातल्या पोराला बोर्ड हातात देणारं कुणीतरी असणं फार मोलाचं आहे, कारण जो रोज अनवाणी पाण्यात शिरतो तोच काचेचा तुकडा उचलतो.

आणि मग पाणी. ही गोष्ट मी शेवटी ठेवली, कारण ती शहाडची आहे.

इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर १९९० मध्ये सर्फरांनी एकत्र येऊन सर्फर्स अगेन्स्ट स्युएज ही संघटना काढली. कारण साधं होतं : सांडपाणी तसंच समुद्रात सोडलं जात होतं आणि लाटेवर असणाऱ्यांना त्याचे रोग होत होते. गॅसमास्क लावून, बोर्ड बगलेत मारून ही मंडळी संसदेसमोर गेली. आज ती देशातली मोठी पर्यावरण संघटना आहे. तोवर त्या पाण्याबद्दल अहवाल निघत होते, पण ते लिहिणाऱ्यांच्या नाकातोंडात ते पाणी जात नव्हतं. पाण्यात उतरणारी माणसं एकत्र आली तेव्हाच त्या पाण्याला बोलणारं तोंड मिळालं.

उल्हासला ते तोंड नाही. शहाडच्या काठावरून उचललेलं पाणी टेमघरला शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे जातं. शहाड-टेमघर या दोन गावांवरूनच त्या योजनेला स्टेम हे नाव पडलं. मोहिलीहून कल्याण-डोंबिवलीला पाणी जातं. लाखो घरांत ही नदी नळाने पोचते आणि तिच्या काठाने राहणारे आम्ही तिला हात लावत नाही. साठी उलटलेली माणसं मोहने-शहाडच्या डोहांत पोहायला शिकल्याचं सांगतात. नंतरच्या पिढ्यांनी नदी पाहिली ती उन्हाळ्यात जलपर्णीने हिरवीगार झालेली, पावसाळ्यात घरात शिरलेली. २६ जुलै २००५ ची रात्र इथे कुणी विसरलेलं नाही, आणि २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये हजारावर प्रवाशांसह महालक्ष्मी एक्स्प्रेस याच नदीच्या पुरात अडकली होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले. त्यात उल्हासचा मोहने ते बदलापूर हा पट्टा आहे.

आणि हे त्या कल्याणचं अंगण आहे, जे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात बंदर म्हणून नोंदलं गेलं, ज्याच्या व्यापाऱ्यांची दानं कान्हेरीच्या शिलालेखांत कोरलेली आहेत, आणि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी जिथल्या खाडीत आपली पहिली जहाजं बांधायला घेतली. पाण्यात जाणारी माणसं इथे हजारो वर्षं होती. सुतार, नाखवे, खलाशी, रेतीवाले. आमच्या लहानपणीपर्यंत रेतीच्या होड्या तरी खाडीत दिसत.

म्हणून माझं मागणं लाटेचं नाही, अंघोळीच्या पाण्याचं आहे. नदीत उघड्यावर अंघोळ करण्याजोगं पाणी म्हणजे काय, हे आपल्याकडे ठरलेलं आहे : लिटरमागे जैविक ऑक्सिजनची मागणी ३ मिलिग्रॅम किंवा कमी, विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि विष्ठेतल्या जंतूंची संख्या १०० मिलिलिटरमागे ५०० च्या आत, फार तर २५००. समुद्रकिनाऱ्यांसाठीही अशीच मानकं आहेत. हे आकडे दर आठवड्याला मोजून शहाडच्या काठावर, मोहन्याच्या बंधाऱ्यावर आणि राजोडीच्या वाळूवर मराठीत फलकावर लिहिले जावेत. फलक गावाच्या पोरांनी रंगवावा आणि आकडा बदलायचं काम शाळेकडे असावं. ज्या आठवड्यात आकडा बरा असेल त्या आठवड्यात पोहता येणाऱ्या मास्तरांनी मुलांना नदीत न्यावं, कमरेला दोर बांधून, काठावर जाणता माणूस उभा करून. दुर्गाडीखाली ज्यांच्या घरात अजून होडी आहे त्यांनी मुलांना वल्हं धरायला शिकवावं. त्यातलं एखादं मूल पुढे दिवाळीच्या सुट्टीत कोपरचा वरचा फलाट गाठून राजोडीला जाईल. तिथे बोर्ड भाड्याचा असेल. पोहणं मात्र ते शहाडहून शिकून गेलेलं असेल, आणि पाणी चवीला कसं लागलं हे घरी येऊन सांगेल.